पंडितेच्या हातची सत्ता

सांगवीहून पुणे स्टेशन गाठावे, दौंडकडे जाणारी गाडी धरावी, की वाटेत केडगाव लागते. या गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे. रमाबाईंवर आपल्याकडे लिहिले गेले ते बहुतेक धर्मांतराच्या बाजूने किंवा विरोधात. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. ख्रिस्ती धर्मात सत्तेचा आदर्श म्हणजे शिष्यांचे पाय धुणारा गुरू. रमाबाईंच्या हाती सत्ता आली, तेव्हा त्यांनी तिचे काय केले?

त्यांची पहिली सत्ता विद्येची. 1858 साली जन्मलेल्या या मुलीला आईने संस्कृत शिकवले, आणि त्या आईला शिकवले होते तिचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी. पुढे दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायपीट करीत रमाबाई कलकत्त्याला पोहोचल्या. 1878 मध्ये तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. म्हणजे उपाशी पोट आणि शास्त्रार्थाचा मान, दोन्ही त्यांनी विशीच्या आसपासच पाहिले होते.

दुसऱ्याची सत्ता मात्र त्यांनी मुकाट्याने मानली नाही. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी पत्रांतून ठाम प्रतिवाद केला. श्रद्धा स्वीकारली म्हणून विवेक गहाण पडत नाही, ही त्यांची भूमिका होती.

तिसरी सत्ता पैशाची. 1887 मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या आधारावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सदनात धर्माबाबत तटस्थता पाळली जाईल, असे ठरले होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. हा आक्षेप निव्वळ द्वेषातून आला, असे म्हणून तो बाजूला सारता येत नाही. ज्याच्या हाती भाकरी, त्याचा शब्द भुकेल्याला मोडवत नाही. आश्रित मुलीची ‘निवड’ कितपत मोकळी असते, हा प्रश्न रमाबाईंच्या चरित्राला कायम चिकटलेला राहील.

पण त्यापुढचेही पाहायला हवे. 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी परवड झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. राज्यकर्त्यांचा धर्म तोच आपला, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

केडगावला शेत होते, तेथे मुक्तीचा पसारा उभा राहिला. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते. मुक्तीत जातीची ती चौकट उरली नाही. अंध स्त्रियांसाठी आणि समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी वेगळी सदने झाली. शेती, विणकाम, छपाई ही कामे बायकाच करीत. सदनात शिकून तयार झालेल्या मुली नव्याने आलेल्यांच्या शिक्षिका झाल्या. सत्ता वाटली गेली की नाही, याचा माझ्या मते हाच खरा पुरावा. दात्याच्या दयेचे मोजमाप करून काय उपयोग? घेणारी पुढे स्वतः काय करू शकली, हे तपासावे.

शेवटचे उदाहरण भाषेचे. आयुष्याच्या अखेरच्या दीडेक दशकात रमाबाई हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणत होत्या. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. ज्या संस्कृतने त्यांना मान मिळवून दिला, तेच त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवले. छापखाना मुक्तीचा, खिळे जुळवणारे हातही तिथल्याच बायकांचे. 1921 मध्ये लेक मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आले.

आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात सुपरवायझरपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत प्रत्येकाच्या हाती थोडीथोडकी सत्ता असते. आपल्याला येणारे काम हाताखालच्या माणसाला शिकवले, तर आपली किंमत कमी होईल, ही भीती मी अनेकांत पाहिली आहे, स्वतःतही. रमाबाईंच्या सगळ्याच निर्णयांशी सहमत व्हायला हवे असे नाही. पण पंडितेने आपली पंडिताई खाली उतरवली आणि त्यामुळे तिची किंमत कमी झाली नाही, एवढे केडगावचा इतिहास नक्की सांगतो.