सोलापूरचा मार्शल लॉ, फर्ग्युसनमधली गोळी आणि तेव्हाची वृत्तपत्रे



१२ जानेवारी म्हटले की आपल्याला जिजाऊ आणि विवेकानंद आठवतात. सोलापूरकरांना त्या दिवशी आणखी चार नावे आठवतात: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. १९३१ साली याच दिवशी येरवडा तुरुंगात या चौघांना फाशी झाली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लष्कर, राजकारण, कॉलेज आणि वृत्तपत्रे एकमेकांत किती गुंतली होती, हे या एका प्रकरणातून चांगले कळते. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पालाही ही माहिती उपयोगी पडेल.

मिठाच्या सत्याग्रहात ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचे सोलापूर पेटले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, त्यात पोलीसही मारले गेले. पुढचे काही दिवस गावात सरकार असे उरलेच नाही. १२ मे रोजी लष्कराच्या हाती कारभार गेला, तो ३० जूनपर्यंत. तिरंगा हातात धरणे हासुद्धा गुन्हा ठरला!

या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा आरोप होता. ते निर्दोष होते असेच सोलापुरात आजवर मानले जाते. त्यातले कुर्बान हुसेन हे 'गझनफर' या पत्राचे तरुण संपादक. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही मार्शल लॉमध्ये तुरुंगात जावे लागले. म्हणजे एका गिरणगावातला एक संपादक फासावर आणि दुसरा कोठडीत. पुण्या-मुंबईच्या मोठ्या पत्रांबद्दल आपण पुष्कळ वाचतो, जिल्ह्यातल्या या छोट्या पत्रांना मात्र फारच थोडी जागा मिळते, असे आम्हाला वाटते. त्यातच एप्रिल १९३० मध्ये सरकारने प्रेस वटहुकूम काढला होता. छापखान्याकडून जामीनरक्कम मागायची आणि मजकूर खटकला की ती जप्त करायची, अशी ती पद्धत. १९३१ मध्ये त्याचा कायदाच झाला. ज्याची सगळी पुंजी एका छपाई यंत्रात अडकलेली, त्याने अग्रलेख लिहायचा तरी कसा?

आता कॉलेज. सोलापूरच्या मार्शल लॉच्या वेळी मुंबई सरकारचे गृहखाते अर्नेस्ट हॉटसन यांच्याकडे होते. १९३१ मध्ये ते हंगामी गव्हर्नर झाले आणि २२ जुलै रोजी फर्ग्युसन कॉलेज बघायला गेले. तिथल्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर पिस्तूल झाडले. गोळी खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली आणि हॉटसन वाचले. गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. पुढे आयुष्यभर ते 'हॉटसन गोगटे' याच नावाने ओळखले गेले.

याच लष्कराचे दरवाजे आपल्या मुलांना उघडावेत, ही मागणीही तेव्हा जोरात होती. १९१७ मध्ये उभारलेली १११ महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. डॉ. आंबेडकर, जे स्वतः सुभेदाराचे चिरंजीव, महारांच्या लष्करभरतीसाठी झटत राहिले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. अधिकारी घडवणारी डेहराडूनची अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल १९३७ ची, डॉ. मुंजे यांनी काढलेली.

१९३२ साल आपल्या यूएईशीही जोडलेले आहे बरं का! पुण्यात १ जानेवारीला नानासाहेब परुळेकरांचा 'सकाळ' निघाला, आणि त्याच वर्षी शारजाला इम्पीरियल एअरवेजची विमाने उतरू लागली. लंडनहून निघालेली टपाल शारजावरून कराचीला जाई आणि तिथून १५ ऑक्टोबर १९३२ पासून टाटांच्या विमानाने मुंबईला. तो जुना विमानतळ आज अल महत्ता संग्रहालय आहे, आणि धावपट्टीच्या जागी किंग अब्दुल अझीझ रस्ता. मुलांना घेऊन जरूर जा.

जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांत ही माहिती शोधणार असाल तर गावाचे नाव 'शोलापूर' असे घालून बघा. तेव्हा तसेच लिहीत.