शाई, एरिक
(२१ ऑक्टोबर १९६७ – ). फ्रेंच व्हिडिओ-खेळ चित्रकार व अभिकल्पक. अनदर वर्ल्ड (१९९१, म. शी. ‘दुसरे जग’) या खेळामुळे विशेष प्रसिद्ध. घरगुती संगणकांचा प्रसार होऊ लागला, त्या सुमारास म्हणजे १९८० नंतरच्या काही वर्षांत, किशोरवयातच तो आज्ञावली लिहू लागला. १९८९ मध्ये डेल्फिन सॉफ्टवेअर या फ्रेंच संस्थेच्या एका साहसी खेळाची चित्रे त्याने काढली. त्यानंतर सु. दोन वर्षे खपून त्याने अनदर वर्ल्ड जवळजवळ एकट्याने सिद्ध केला. कथा, चित्रे, आज्ञावली, इतकेच नव्हे तर वेष्टनावरील चित्रही त्याचेच. संगीत मात्र झां-फ्रांस्वा फ्रेतास याचे आहे.

त्या काळी हालत्या आकृतीची प्रत्येक मुद्रा सामान्यतः बिंदुशः साठवीत. त्यात संगणकाची तुटपुंजी स्मृती व चित्रकाराचे श्रम दोन्ही फार खर्ची पडत. शाईने आकृती सपाट रंगांच्या बहुभुजांनी घडविल्या. बहुभुजाचे केवळ कोनबिंदू साठविले की पुरत असल्याने पडदाभर हलणारी दृश्ये एका माणसाच्या आवाक्यात आली. मानवी हालचाली त्याने व्हिडिओ चित्रणावरून रेखाटल्या. साधनांच्या या काटकसरीतूनच त्याची शैली घडली. पडद्यावर गुणसंख्या दिसत नाही. परग्रहवासीयांची भाषा खेळणाऱ्यास कळत नाही. नायक व त्याचा परग्रहवासी सोबती यांचे सख्य केवळ हावभावांतून उलगडते. अमेरिकेतील प्रकाशकांनी प्रवेशदृश्याचे संगीत बदलण्याचा आग्रह धरला, तेव्हा शाईने निकराने विरोध करून मूळ संगीत कायम राखले.

पुढे सहकाऱ्यांसह अमेझिंग स्टुडिओ ही संस्था स्थापून त्याने हार्ट ऑफ डार्कनेस हा खेळ हाती घेतला. मोठा चमू असूनही तो पूर्ण होण्यास सु. सहा वर्षे लागली (१९९८). या दीर्घ श्रमांनंतर शाई काही वर्षे व्यवसायापासून दूर राहिला व ज्वालामुखींच्या निरीक्षणात रमला. वाळू, पाणी व लाव्हा यांच्या प्रवाहांवर आधारलेला फ्रॉम डस्ट (२०११) हे त्या छंदाचेच फलित होय. पेपर बीस्ट (२०२०) या आभासी वास्तवातील खेळात त्याने कागदी प्राण्यांची सृष्टी उभी केली.

न्यूयॉर्कच्या म्यूझीयम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये व्हिडिओ-खेळांचा संग्रह सुरू केला, तेव्हा पहिल्या चौदा खेळांत अनदर वर्ल्ड चा समावेश होता. चित्रकार व आज्ञावलीकार एकच असला, म्हणजे तांत्रिक मर्यादाही कलेचे साधन बनते, हे या खेळाने दाखवून दिले. नंतरच्या स्वतंत्र निर्मात्यांना तो मार्गदर्शक ठरला, तो याच कारणाने.