येरमाळ्याची चुनखडी आणि बांधकामाची परिभाषा

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळा हे गाव येडेश्वरीचे स्थान म्हणून सर्वश्रुत आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी आमराईकडे जाते, त्या वेळी भाविक रानातील चुनखडीचे खडे वेचून श्रद्धेने अर्पण करतात. या आचाराकडे बांधकामाच्या परिभाषेच्या दृष्टीने पाहिल्यास काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. हा प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. घडीव चिऱ्यासाठी दगड येथे विपुल आहे. परंतु चुनखडकाच्या खाणी या पाषाणात नाहीत. चुना मिळतो तो जमिनीत व ओढ्यांच्या काठी साठलेल्या खड्यांच्या रूपाने. साहजिकच तो खणून नव्हे, तर पुष्कळ हातांनी वेचूनच गोळा करावा लागे. मोठ्या बांधकामाचा आरंभ अशा वेचणीनेच होत असे.

वेचलेल्या खड्यांचा पुढील प्रवास शब्दांतून स्पष्ट दिसतो. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेवर भाजली म्हणजे चुनखडीची ‘चुनकळी’ होते. तीवर पाणी घालणे म्हणजे चुना ‘विरवणे’. पुढे वाळू किंवा विटांची ‘सुरखी’ मिसळून तो बैलांच्या ‘घाण्या’त मळावयाचा. भिंतीत गेलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा मूळच्या चुनखडीचे रूप धारण करतो. खड्यांत चिकणमातीचा अंश असेल तर तो ओलाव्यातही आवळतो. तलाव व बंधारे यांच्या कामी या गुणाचे महत्त्व मोठे होते.

आता शब्दांच्या कुळांकडे वळू. ‘चुना’ हा संस्कृत ‘चूर्ण’ शब्दापासून आला. चुन्याच्या लेपाला संस्कृतात ‘सुधा’ म्हणत, आणि सुधेने लिंपलेले ते ‘सौध’. ‘सुतार’ हा ‘सूत्रधार’ होय, आणि भिंत उभ्या रेषेत आहे की नाही हे सांगणारा ‘ओळंबा’ ‘अवलंब’ शब्दाशी जोडलेला आहे. याउलट ‘सुरखी’, ‘गिलावा’, ‘कमान’, ‘घुमट’, ‘रंदा’ हे शब्द फारसीतून आले. काटकोन पाहण्याचा ‘गुण्या’ तर फारसीच्या वाटेने ग्रीक भाषेतून आलेला आहे.

ही विभागणी केवळ योगायोगाची नाही. भूम तालुक्यातील माणकेश्वरच्या शिवमंदिरासारख्या यादवपूर्व व यादवकालीन मंदिरांत दगडावर दगड बसविण्याचे कसब मुख्य आहे; तेथे कमान नाही. बहमनी व आदिलशाही काळात कमान, घुमट आणि त्यांना धरून ठेवणारा चुना यांना प्राधान्य आले. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात १६१३ साली दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी उभारलेला पाणीमहाल या कौशल्याची साक्ष आहे. नवीन तंत्रासमवेत त्याचे शब्दही आले. जुन्या कामाचे शब्द मात्र जुनेच राहिले. शिवकालात रघुनाथपंतांनी रचलेल्या राज्यव्यवहारकोशात दुर्गवर्ग स्वतंत्र आहे. राज्यव्यवहाराला संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो प्रयत्न होता. तरी गवंड्याच्या तोंडचा गिलावा गिलावाच राहिला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शब्दाचे मूळ फारसी ठरले म्हणून ती वस्तूही परकी ठरत नाही. चुना या देशात पूर्वीपासून ठाऊक होता, हे ‘सुधा’ व ‘सौध’ हे शब्दच सांगतात. तसेच यात्रेतील आचारावरून एखाद्या विशिष्ट मंदिराच्या बांधणीचा काळ ठरविणेही युक्त होणार नाही. चुनखडी वेचणे हे पुष्कळांच्या श्रमाचे काम होते आणि त्या श्रमाला येथे उपासनेचे रूप मिळाले आहे, एवढेच विधान सुरक्षित होय.

सिमेंट आल्यावर घाणे थांबले आणि त्यांच्यासमवेत विरवण्या-मळण्याचे शब्दही मागे पडले. जुन्या किल्ल्यांची व बारवांची डागडुजी सिमेंटने केल्यास कठीण थराआड ओल कोंडते व मूळ काम खचते. म्हणून जीर्णोद्धारास चुनाच हवा. तो कसा भाजावा, किती दिवस मुरवावा हे ज्ञान वृद्ध कारागिरांच्या शब्दांत साठलेले आहे. ते शब्द गावोगावी जाऊन टिपून घेणे हे अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य होय. वेचणीचा शब्द यात्रेने जपला. भट्टीचे आणि घाण्याचे शब्द आपण जपावयाचे आहेत.