थांबविणे हीही एक क्रियाच

कडू शब्द अगदी ओठांवर येतो आणि समोरच्या वडीलधाऱ्या माणसाकडे पाहून आपण तो गिळतो. या गिळण्यात आपण काही 'केले' असे आपणांस वाटत नाही. करावयाचे ते केले नाही, एवढेच वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शरीरशास्त्रज्ञांचीही जवळजवळ हीच समजूत होती. मज्जातंतू चेतविला की स्नायू आखडतो, चेतना ओसरली की सैल पडतो. थांबणे म्हणजे निव्वळ चेतनेचा अभाव. या समजुतीला मोठा तडा गेला तो १८४५ मध्ये. एर्न्स्ट आणि एडुआर्ट वेबर या जर्मन बंधूंनी मेंदूतून हृदयाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू विजेने चेतविला, तेव्हा हृदय अधिक धडधडण्याऐवजी मंदावले आणि थांबले. थांबविणे हे मज्जातंतूचे काम असू शकते, ही गोष्ट तेव्हा पुष्कळांना पटली नाही. मज्जातंतू थकला असेल, असे म्हणून काहींनी वेळ मारून नेली.

हृदयाचे ठीक, पण मेंदूचे काय? हा प्रश्न धसास लावला इव्हान सेचेनॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने. १८२९ साली जन्मलेला हा गृहस्थ आधी लष्करी अभियंता, मग मॉस्को विद्यापीठाचा वैद्यकीय पदवीधर. १८६२ मध्ये तो पॅरिसला क्लोद बर्नार यांच्या प्रयोगशाळेत होता. प्रयोग दिसावयास साधा होता. बेडकाचा पाय सौम्य आम्लात बुडवायचा आणि तो पाय किती वेळाने वर ओढून घेतो, हे ताल मोजण्याच्या यंत्राच्या ठोक्यांवर मोजायचे. त्यानंतर बेडकाच्या मेंदूचा वरचा भाग कापून उघड्या झालेल्या पृष्ठावर मिठाचा खडा ठेवायचा. खडा ठेवताच पाय ओढून घेण्यास उशीर लागू लागला. खडा काढून जागा धुतली की बेडूक पुन्हा पूर्वीसारखा पाय ओढून घेई. म्हणजे मेंदूचा तो भाग चेतविला असता खालची क्रिया रोखली जात होती. चिमूटभर मीठ आणि एक बेडूक, एवढ्या सामग्रीवर हे निष्पन्न झाले.

सेचेनॉव्ह बेडकापाशी थांबता, तर त्याला कोणी त्रास दिला नसता. पण १८६३ मध्ये त्याने माणसाविषयी लिहिले. माणसाच्या हेतुपुरस्सर वाटणाऱ्या क्रियाही मुळात बाह्य चेतनेला मिळालेले प्रतिसादच असतात, आणि विचार म्हणजे ज्याचा शेवटचा भाग, प्रत्यक्ष हालचाल, रोखून धरलेला आहे असा प्रतिसाद, असे त्याचे प्रतिपादन होते. लहान मूल हे रोखणे हळूहळू शिकते, हेही त्याने मांडले. लेख 'सॉव्रेमेन्निक' या पुरोगामी मासिकासाठी होता. सेन्सॉरने तेथे छापण्यास मनाई केली. शीर्षक बदलून एका वैद्यकीय पत्रात तो छापण्याची तेवढी मुभा मिळाली. अशा रीतीने 'मेंदूचे प्रतिक्षेप' हे आज प्रसिद्ध असलेले नाव रूढ झाले. १८६६ मध्ये लेख पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा प्रती जप्त झाल्या आणि नीतिभ्रष्टतेचा आरोप ठेवून खटल्याची तयारी झाली. वकील म्हणून आपण न्यायालयात बेडूक घेऊन जाऊ, असे सेचेनॉव्ह म्हणाल्याची आख्यायिका आहे. अखेर १८६७ मध्ये प्रकरण सोडून द्यावे लागले. सरकारी सेवेत आयुष्य गेलेल्या प्रस्तुत लेखकास अशा फाइलींचा प्रवास परका नाही. वर्षभर टेबलावरून टेबलावर फिरून ती मिटली जाते आणि तोवर पुस्तकाचे नाव सर्वतोमुखी होते.

तरीही तो सेन्सॉर मूर्ख होता, असे मला वाटत नाही. माणसाची प्रत्येक कृती जर प्रतिसाद असेल, तर अपराधाचा जाब कोणाला विचारायचा, ही त्याची धास्ती खरी होती.

पुढील कथा थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखविले की कोपर वाकविताना पुढचा स्नायू आखडतो, त्याच वेळी मागच्या स्नायूला सैल पडण्याचा हुकूम मिळतो. या हुकुमाविना साधा घासही तोंडाशी नेता येणार नाही. १९३२ चे नोबेल पारितोषिक त्यांना एड्रियन यांच्यासमवेत मिळाले. रोखणारी केंद्रे मेंदूत एकाच ठिकाणी नसून ही व्यवस्था सर्वत्र विखुरलेली आहे, हेही पुढे उलगडले. सेचेनॉव्हची त्या बाबतीतील कल्पना अपुरी होती. ही व्यवस्था कोलमडली की काय होते, हे आपल्याकडे जुन्या माणसांना ठाऊक आहे. कुचल्याच्या विषाने आणि धनुर्वातात शरीर कमानीसारखे ताणले जाते ते स्नायूंना जादा जोर आल्याने नव्हे. कुचल्यातील स्ट्रिक्निन रोखणाऱ्या संदेशाची वाट अडविते आणि धनुर्वाताचे विष तो संदेश बाहेरच पडू देत नाही.

हा संदेश रासायनिक की विद्युत्, याचा निकाल १९५१ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे लागला. जॉन एकल्स हे शेरिंग्टन यांचे शिष्य. हा संदेश विजेचाच, असे ते वर्षानुवर्षे हिरिरीने मांडीत. त्यांनीच सहकाऱ्यांसह मांजराच्या मज्जारज्जूतील एकेका पेशीत सूक्ष्म काचनलिका घालून मापन केले आणि मोजमाप त्यांच्याच मताविरुद्ध गेले. संदेश रासायनिक होता. एकल्स यांनी ते मोकळेपणाने मान्य केले; १९६३ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत ते होते.

गंमत अशी की हेच एकल्स मन मेंदूहून वेगळे आहे, असे अखेरपर्यंत मानीत राहिले. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्यासह त्यांनी १९७७ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. सेंट पीटर्सबर्गच्या त्या सेन्सॉरने तो नक्कीच छापू दिला असता.