इतिहासाच्या कुशीत, कांद्याच्या शेजारी

मराठी माणसाला खेड्याची ओढ लागते ती शहरात स्वतःची जागा झाल्यावर. खेड्यात असताना त्याला ओढ असते फक्त एस.टी.ची. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ही ओढ हल्ली चौरस फुटाच्या भावाने विकली जाते. जाहिरातीत चार गोष्टी हमखास असतात : डोंगर, शेत, इतिहास आणि हायवेपासूनचं अंतर. अंतर मिनिटांत दिलेलं असतं. चाकणच्या तळेगाव चौकात एकदा अडकलात, की ती मिनिटं कुठल्या शतकातली हा प्रश्न पडतो.

इतिहास मात्र जाहिरातीत आहे त्याहून पुष्कळ जास्त आहे. चाकण मालोजीराजांच्या जहागिरीतलं, चिंचवड मोरया गोसावींचं आणि चापेकर बंधूंचं, देहू तुकोबांचं, आळंदी माउलींची, खेड हुतात्मा राजगुरूंचं. अशा मुलखात तुमच्याआमच्यासारखा राहायला गेला, की पत्ता सांगतानासुद्धा त्याला जरा अवघडल्यासारखं होतं. गावात सांगतात, की दशरथाच्या रथाचं चाक इथे निखळलं म्हणून हे चाकण. दंतकथेकडे दाखला मागू नये. पण जिथे पहिली गाडी बंद पडली तिथेच पुढे मोटारींचे कारखाने यावेत, याला नियतीची दूरदृष्टी म्हणायचं!

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही. तट, बुरूज, खंदक आणि आत माणसं. शाहिस्तेखानाने १६६० च्या जूनमध्ये त्याला वेढा घातला. आत फिरंगोजी नरसाळा आणि जेमतेम तीनशे-सव्वातीनशे मावळे. वर पाऊस असा, की खानाचे तंबू आणि दारू दोन्ही ओली. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा कुठे किल्ला पडला. ५६ दिवस! खानाने चाकरी देऊ केली, फिरंगोजींनी ती नाकारली. मोगलांनी गावाचं नाव इस्लामाबाद ठेवलं. ते टिकलं नाही. चाकणचं चाकणच राहिलं.

पुढचा वेढा सुरुंगावाचून पडला. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघालं, मागोमाग माळरानावर भोंगे वाजू लागले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. भोसरी, आकुर्डी, थेरगाव ही गावं बसच्या पाट्यांवर थांबे होऊन उरली. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. शाहिस्तेखानाला जिथे ५६ दिवस लागले तिथे एजंटाला दोन कप चहा पुरला. तिसऱ्या कपाला सातबारावर नवं नाव, आणि विकणाऱ्याच्या गळ्यात साखळी. लोकांनी त्याला 'गुंठामंत्री' म्हणून हसून घेतलं.

आमचे एक स्नेही असेच 'शेताशेजारी' राहायला गेले. पहिल्या आठवड्यात त्यांनी गॅलरीतून सूर्योदय पाहिला. दुसऱ्या आठवड्यात त्यांना शेणखताचा वास आला. तिसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या सभेत त्यांनी ठराव मांडला, की शेजारच्या शेतकऱ्याने खत रविवारी टाकू नये. शनिवारी चाकणला जनावरांचा बाजार भरतो, कांद्याच्या गाड्या लागतात. त्या गर्दीतून घरी पोचल्यावर ते म्हणाले, "बाजार जरा बाहेर हलवायला हवा." बाजार आधीचा आहे, हे त्यांना सांगून पाहिलं. त्यांचं म्हणणं, कर्जाचे हप्ते ते भरतात.

बैलगाड्यांचंही तेच. चार बैल, पुढे घोडी, आणि घाटातली बारी सेकंदांवर मोजलेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यतींवर बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी दिली आणि २०२३ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं शर्यत नव्हती, पण कित्येक दावणींना बैल होते. धावायचं नाही अशा बैलाला सात वर्षं पेंड घालणं, हे हिशेबाच्या वहीत बसत नाही.

आणि हिशेब शेतकऱ्याला कळतो, ही गोष्ट आपण शहरातली माणसं विसरतो. जमीन विकणारा सगळाच काही खुळा नव्हता. कांद्याची पट्टी हातात आली आणि हमाली, तोलाई, भाडं वजा जाता काय उरलं ते पाहिलं, की पोराने कारखान्याच्या फाटकातून आत जावं असं कुठल्याही बापाला वाटेल. खेड्यात राहण्याची मौज ज्याला खेडं कसावं लागत नाही त्यालाच पुरेपूर घेता येते. आपण ज्याला 'हिरवागार देखावा' म्हणतो तो कुणाचा तरी घाम असतो, आणि त्याच्या भावाची ग्वाही कुणी देत नाही.

फिरंगोजींचं नाव आज सगळे घेतात. पण या पट्ट्यात अजून एक किल्लेदार आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही. दुसऱ्या पाळीहून तो रात्री घरी येतो. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची असते. अंगात कंपनीचा शर्ट, पायात गमबूट, हातात फावडं आणि कपाळाला बॅटरी, असा तो कांद्याच्या वाफ्यावर दारं धरायला निघतो. भोवती तिन्ही बाजूंना इमारती, गॅलऱ्यांत दिवे. उरलेलं एकर-दीड एकर तो ५६ दिवसांहून कितीतरी अधिक काळ लढवतो आहे. आपल्याकडून त्याला एवढीच मदत पुरे, की खत रविवारी टाकलं तरी कुणी ठराव मांडू नये.