हौजाचे शेजारी

दिल्लीस बदलून आलेला मराठी माणूस पाहुण्यांना कुतुबमिनार दाखवितो, लाल किल्ला दाखवितो; परंतु या नगरीला पाणी कोठून मिळत होते, हे तो सहसा विचारीत नाही. आम्ही मुनिरकेत राहणाऱ्यांनी तरी ते विचारावयास हवे. हौजखास आणि नीला हौज ही दोन्ही तळी आमच्या शेजारची आहेत, आणि त्यांच्या आसपासचे रान कसे टिकले, याची कथा तख्तांच्या कथेइतकीच बोधप्रद आहे.

हौजखास अलाउद्दीन खिलजीने आपल्या सीरी नगरासाठी तेराव्या शतकाच्या अखेरीस खोदविला. मूळचा विस्तार सुमारे 50 हेक्टर. पुढच्या शतकाच्या मध्यास तो गाळाने भरून गेला होता. फिरोजशाह तुघलकाने तो उपसविला व काठावर मदरसा उभारला. हौज-ए-शम्सीस पाणी आणणारे ओहोळच लोकांनी बुजविले होते, असे या सुलतानाने आपल्या वृत्तान्तात नमूद केले आहे. तलाव मरतो तो काठावर नव्हे, तर वरच्या अंगास, जेथून पाणी येते तेथे. सहाशे वर्षांपूर्वीचा हा अनुभव दिल्लीने पुढे पुन्हा घेतला. भोवती वसाहती वाढल्या, आणि 1960 नंतरच्या काळात हौज कोरडा पडला. या शतकाच्या आरंभी त्यात पुन्हा पाणी आले खरे, परंतु ते वसंतकुंजचे शुद्ध केलेले सांडपाणी, संजयवनाच्या रानातून वाहत आलेले. ते रान राखलेले नसते तर ही वाटही उरली नसती.

नीला हौजाची हकीकत अधिक जवळची. 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी या तळ्यावरून पूल बांधताना त्यात राडारोडा पडला. आसपासच्या रहिवाशांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली तळ्याचे पुनरुज्जीवन झाले. येणारे सांडपाणी प्रथम निवळू द्यावयाचे, मग दगडगोट्यांच्या व पाणवनस्पतींच्या थरांतून तळ्यात सोडावयाचे, अशी ती साधी रचना. काठी अरवलीची देशी झाडे लावण्यात आली. आज तेथे जैवविविधता उद्यान आहे.

आपल्याकडे कोकणात आणि घाटमाथ्यावर देवराई हेच कार्य करीत आली. तेथे कुंपण नव्हते. देवाचे भय होते, आणि त्याहून मोठी अशी गावाची नजर होती. दिल्लीजवळ अरवलीतील मांगर बनीही अशीच गुदडियादास बाबांच्या नावाने तेथील गावांनी राखली आहे. परंतु शहरात ना ग्रामदेवता, ना पिढीजात गावकरी. मग राखण कोणी करावी?

याचे उत्तर नीला हौजाने दिले आहे. वसंतकुंज ही गेल्या शतकाच्या अखेरीस वसलेली वसाहत. तेथे पिढीजात असे फारच थोडे. तरीही शेजारचे पाणी आपले मानावयास जन्मभूमीचा दाखला कोणास लागला नाही. आपण बदलीचे लोक "दोन वर्षांचा तर मुक्काम" असे म्हणून अशा गोष्टींपासून दूर राहतो. सरकारी दप्तरात जमीन कोणत्या ना कोणत्या खात्याची असतेच. पण ओहोळ बुजू लागला, की तो प्रथम दिसतो शेजाऱ्याला. त्याने ते वेळीच सांगितले, तरच खात्याला जाग येते.