गावच्या लेखकाचं पुस्तक

1967 साली राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अनुदान मिळू लागलं, तशी हळूहळू खेड्यापाड्यांतही वाचनालयं उभी राहिली. दहावीनंतर माझी शाळा सुटली, पण वाचनालयाच्या कपाटामुळं पुस्तक काही सुटलं नाही. रात्री पाण्याची पाळी असली की बांधावर कंदील ठेवून वाचायचो.

त्या कपाटात आपलीच माणसं भेटली. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 1955 सालची 'बनगरवाडी', वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची 1959 सालची 'फकिरा'. पुढं कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' आली, तिला 1990 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपली ढेकळं, आपली मेंढरं, आपली भूक छापून येती, हे बघून छाती भरून यायची.

आजही तालुक्या-तालुक्यात लिहिणारी पोरं हायेत. बरीचशी पदरमोड करून पुस्तक काढतात. गाव शाल-नारळ देऊन सत्कार करतं, आणि मागनं म्हणतं, "एक प्रत दे की वाचायला!" बियाण्याची पिशवी आपण दुकानदाराला अशी फुकट मागतो का? शालीनं छपाईचं बिल भागत नाही, आणि पहिलं पुस्तक घरात पडून राहिलं की दुसरं लिहायचा हुरूप जातो.

म्हणून मी अशा पुस्तकाच्या दोन प्रती रोखीनं घेतो. एक घरात, एक वाचनालयात. पीक आपल्याच रानातलं आहे, त्याला पहिला भाव आपणच द्यायला पाहिजे.